परत लावते

चिमणीनं माझा फोन ठेवला. लाइन तुटली नाही, रेंज गेली नाही, तिनं ठेवला. "बाई, मी ठेवते आणि तुम्हाला परत लावते," एवढं त्या बारक्या आवाजात म्हणाली आणि कानाशी नुसती पोकळी. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या बाकावर बसलेली, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले, समोरची भिंत, दिवा, माणसं सगळं साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखं. "अगं" म्हणायला उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं हो? म्हटलं, थेंब झोंबतायत. थेंब डोळ्यांत आणि मी हात लावून बसले होते गालाला, पण त्या बिचाऱ्या बरं म्हणाल्या आणि सरकून बसल्या.

माझा फोन आजवर कोणी ठेवलेला नाही. फुशारकी मारत नाही, आहे ते सांगते. इस्पितळांचे मॅनेजर, साबणाचे व्यापारी, बॉयलर तपासायला येणारे ते कपाळावर आठ्या घालून जन्मलेले साहेब, सगळे माझं बोलणं संपायची वाट बघतात आणि मग हो म्हणतात. आमचा कारखाना धुलाईचा आहे. घरच्या कपड्यांचा नव्हे, इस्पितळांच्या. ऑपरेशनच्या हिरव्या चादरी, डॉक्टरांचे झगे, खाटांवरची पांघरुणं, रोज गाड्या भरून मळकं येतं, वाफेतून निघतं, रोलरखालून सपाट होतं, घडी होऊन, गठ्ठे बांधून परत जातं. नवरा गेला तेव्हा मी हे मागच्या अंगणात एका हौदावर सुरू केलं, हाताची सालं निघेपर्यंत. आता थोरला मुलगा शेड सांभाळतो, म्हणजे मी सांभाळते आणि तो कागदावर असतो. चिमणी आमची गठ्ठे रवाना करणारी. खरं नाव वेगळं आहे, पण कामावर आली त्या दिवशी इतकं हळू बोलली की मी म्हटलं, ही चिमणी कुठून घुसली, आणि तेच तिला चिकटलं. मी बोलायच्या आधी हो बाई म्हणणारी ती पोरगी. लग्न झालं, मूल झालं, तरी हो बाई. तिनं माझा फोन ठेवला.

आणि मी काही गप्पा मारायला केलेला नव्हता. या बाकावर बसल्या बसल्या मुलांच्या इस्पितळातल्या मेट्रन बाईंचा मला फोन आला, की पाण्याची नळी फुटून त्यांच्या कपाटातली सगळी पांघरुणं भिजली, वॉर्डात पोरं आहेत, लगेच काहीतरी पाठवा. मी म्हटलं, पाठवते. पाठवते म्हणजे पाठवते. चिमणीला फोन लावला आणि सांगितलं, फळीवर मोठ्या इस्पितळासाठी तयार ठेवलेले पांघरुणांचे गठ्ठे आहेत ना, ते गाडीत टाक आणि मुलांच्या इस्पितळाकडे काढ, मोठ्यांना मी बघते. सरळ गोष्ट. त्यावर हे, परत लावते. तिकडे पोरं कुडकुडतायत आणि ही मला परत लावतेय. मी डोळे मिटले. मिटले तरी तो पांढरा उजेड पापण्यांच्या आत शिरून बसलेला. हे सगळं कोणाचं शिकवणं आहे ते मला माहीत होतं, आणि जिचं होतं ती माझ्याच पोटची होती म्हणून तर तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटी माझी लेक कंपन्यांना सल्ला देते. कॉम्प्युटरमध्ये चोर कुठून शिरतील, शिरले तर काय घेऊन जातील, आणि ते होऊ नये म्हणून काय करायचं, हा तिचा धंदा. सल्ला दिल्याबद्दल लोक मान देतात हे मला आधी कळलं असतं तर मी हौदात हात घातलाच नसता, आयुष्यभर फुकट वाटत आले. लहानपणी ही पोर प्रत्येक गोष्टीला का विचारायची. चादर उलटी का घडी करायची, मळका गठ्ठा डोक्यावर का घ्यायचा नाही, दार का लावायचं. मी म्हणायचे, मी सांगते म्हणून. मग एक दिवस ती विचारायची थांबली, आणि मला वाटलं, आली वळणावर. ती काही वळणावर आली नव्हती, ती मनातल्या मनात सामान बांधत होती. शिकायला म्हणून दुसऱ्या गावी गेली आणि पाहुणीसारखी येऊ लागली, बाहेरच्या खोलीत बॅग ठेवणारी, चहाचा कप आपला आपण विसळणारी. स्वतःच्या घरात कप विसळून ठेवणारी लेक बघितली की कुठंतरी कळ येते, पण ती कळ सांगायची कशी? मी तिला म्हणायचे, नीट विसळ, दांडीला साय राहिली आहे.

या वर्षी मोठ्या इस्पितळानं थोरल्याला सांगितलं, की तुमचे कॉम्प्युटर आमच्या कॉम्प्युटरला जोडलेले आहेत, प्रत्येक गठ्ठ्याची चिठ्ठी दोन्हीकडे दिसते, म्हणजे तुमच्या मागच्या दारातून शिरून कोणीही आमच्या माजघरात येईल. तेव्हा कोणा जाणकाराकडून तपासणी करून घ्या, त्याची सही आणा, नाहीतर पुढच्या वर्षी आमचे कपडे दुसरीकडे. थोरल्यानं बहिणीलाच बोलावलं. मला म्हणाला, घरातलीच आहे. मी म्हटलं, ते तिला सांग. ती आली, शेडमध्ये फिरली, पडद्यांवर चिकटवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठ्या काढत गेली, कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला विचारलं तू अजून जिवंत कसा, चहावाल्यापासून बॉयलरवाल्यापर्यंत सगळ्यांशी बोलली. सगळे तिच्याशी हसून बोलत होते. मी लांबून बघत होते. माझ्याशी बोलताना आमची माणसं हसत नाहीत, पण काम चोख करतात, आणि हसण्यानं चादरी धुऊन निघत नाहीत, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मग एका दुपारी तिनं आम्हाला कचेरीत बसवलं आणि एक रेकॉर्डिंग लावलं. पहिल्यांदा वाटलं, माझंच कधीतरी कोणी करून ठेवलेलं. "अगं चिमणे, तोंड उघडायला मुहूर्त बघतेस का? थोरल्यानं घोळ घातलाय, पासवर्ड सांग पटकन, मला इथं उभं राहून मुळ्या फुटल्या." माझा आवाज. माझी धाप, माझा तो शेवटचा शब्द तोडायचा लकबीचा झटका. पण मी हे बोलले नव्हते. बोलली होती धाकटी. लहानपणापासून फोनवर आमच्या दोघींत फरक कळत नाही, इस्पितळातले लोक हिच्याशी बोलून ठेवायचे आणि मला म्हणायचे, बाई, सकाळी सांगितलंत तसं केलं. तेव्हा मला केवढं कौतुक होतं. आता तोच आवाज टेबलावर पडलेल्या त्या काळ्या डबीतून येत होता आणि त्यात चिमणी पासवर्ड सांगत होती, एकेक अक्षर, आणि सांगून झाल्यावर म्हणत होती, "चुकलं बाई." तिचं काय चुकलं होतं? तिला कोणी अजून काही म्हटलंही नव्हतं. बॉयलरवाल्यानं तर फोन उचलताच माफी मागून मग काय हवं ते विचारलं. थोरला हसला आणि मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. नंतर चिमणीला विचारलं म्हणे धाकटीनं, तुला शंका आली नाही? ती म्हणाली, आली होती, नंबर वेगळा दिसत होता. पण इतकं बोलल्या म्हणजे बाईच असणार.

मी उठून गेले. माझा आवाज मला न विचारता काढून नेला होता, घरातून भांडं उचलावं तसा. मागून धाकटी आली, शेडच्या मधल्या भिंतीपाशी मला गाठलं. ती भिंत मी बांधून घेतलेली आहे. अलीकडे मळकी बाजू, पलीकडे धुतलेली, आणि भिंतीत बसवलेली यंत्रं दोन दारांची. या दारानं मळकं आत घालायचं, त्या दारानं धुतलेलं काढायचं, आणि दोन्ही दारं एका वेळी उघडत नाहीत म्हणजे नाहीत, कोणीही सांगितलं तरी. इकडची ट्रॉली तिकडे जात नाही, इकडचा माणूस हात धुऊन, कपडे बदलूनच तिकडे जातो. भिंत बांधली तेव्हा लोक म्हणाले, या बाईला वेड लागलं. धाकटीनं त्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, तू हे सगळं कोणी न शिकवता केलंस. पण तुझा आवाज ही एकच ट्रॉली अशी आहे, जी थेट पलीकडे जाते. कोणी तपासत नाही. तुला अडवायची हिंमत कोणाची?" मी म्हटलं, माझ्या आवाजाला रोग झालाय का? ती म्हणाली, तुझ्या नाही, पण तो कोणीही अंगावर घालून येईल, आता तर मशीनसुद्धा काढतं माणसाचा आवाज. मग माझ्याकडे न बघता, "धोका शून्य करता येत नाही कोणाला. कुठला डोक्यावर घ्यायचा आणि कुठला खाली ठेवायचा, एवढंच ठरवता येतं. हा खाली ठेव." तिचं म्हणणं, नियम करायचा. फोनवर कोणीही काही सांगितलं, कुलूप, पासवर्ड, गाडी, माल, की हो म्हणायचं नाही. ठेवायचा आणि आपल्याकडे असलेल्या नंबरावर परत लावायचा. कोणीही म्हणजे कोणीही, आणि आधी मी. तो नियम मी माझ्या सहीनं मान्य केला नाही तर ती तिची सही देणार नव्हती. आईसाठी खोटी सही करणार नाही, म्हणाली. मी म्हटलं, मागितली कोणी? आणि त्यानंतर आम्ही दोघी मीठ दे, पाणी ओत, यापलीकडे बोललेलो नाही. सही व्हायची ती आज, उद्या इस्पितळाची माणसं येणार. थोरला दोघींच्या मधून असा चालतो आहे जसा ओल्या फरशीवरून. नियम सहीआधीच तिनं सगळ्यांना शिकवून ठेवला, हे मला आत्ता, या बाकावर कळलं.

फोन वाजेना. हातातला फोन जड झाला. माझ्या मनात आलं, आता वाजला आणि ती म्हणाली, तुम्ही तुम्हीच कशावरून, तर मी काय सांगू? नाव सांगितलं तर नाव सगळ्यांना माहीत. आवाज तर लेकीपाशीही आहे. हौदाच्या गोष्टी सांगू, तर त्या ऐकायला तेव्हा कोण होतं, आणि जे होते ते गेले. मी मी आहे हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे असं त्या धुरकट उजेडात एकदम वाटलं. लहानपणी जत्रेत नाही का होत, हात सुटतो आणि सगळे पाय सारखे दिसतात, तसं. समोरून कोणीतरी पांढरं गेलं, नर्स असेल किंवा नुसता उजेड. मला आठवत होतं ते चिमणीचं चुकलं बाई. माणूस जेवढा आवाजाला घाबरतो तेवढा आवाज चोराच्या कामाचा, हे कळायला शाळा लागत नाही, मला कळलंच होतं, त्याच दुपारी. कळलं म्हणून का लगेच मान हलवायची असते? इतकी वर्षं मी कोणाला विचारू दिलं नाही, कारण लोक विचारायला लागले असते तर हे सगळं उभं राहिलं नसतं. बाईमाणसानं हौदावर धंदा काढलाय म्हटल्यावर जो तो विचारायलाच येत होता, का, कशाला, कोणाला विचारून. तोंडाचा पट्टा हीच माझी भिंत होती, ती मी विटांच्या आधी बांधली. पण भिंतीच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हे बघायचं माझं राहून गेलं असावं, कारण चिमणी पलीकडे होती, आणि लेकही.

फोन वाजला. आता तर बटणही दिसेना, शेजारच्या बाईंनीच दाबून दिलं. चिमणी म्हणाली, "बाई, मी बोलतेय." मी म्हटलं, कळलं, बोल. म्हणाली, मी मुलांच्या इस्पितळालाही परत फोन लावला, मेट्रन बाई खऱ्याच आहेत आणि नळीही खरीच फुटली आहे. मी म्हटलं, वा, मेट्रनची पण परीक्षा घेतलीस. तिकडे जरा हसल्यासारखं झालं आणि थांबलं. मग ती बोलली ते मी आजवर तिच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य होतं.

"बाई, तुम्ही सांगितलेले गठ्ठे नका पाठवू. सकाळी त्या यंत्राची वाफ उतरली होती, हवं तितकं तापलंच नाही, ते परत धुवायला काढून ठेवलेत, फळीवर दिसतात पण तयार नाहीत."

माझ्या जिभेवर आलं होतं, मग आधी का नाही बोललीस? तोंडाशी येऊन बसलं होतं, सवयीनं, शेवटचा शब्द तोडायच्या तयारीत. पण आधी का नाही बोलली, याचं उत्तर मला माहीत होतं, मी ते रेकॉर्डिंगवर ऐकलं होतं. फोन ठेवल्यामुळं तिला श्वास घ्यायला जागा मिळाली, तेवढ्या जागेत ती फळीपर्यंत जाऊन बघून आली. आणि समजा, ठेवला नसता. हो बाई म्हणाली असती, गठ्ठे गाडीत गेले असते आणि आजारी पोरांच्या अंगावर नीट न उकळलेली पांघरुणं पडली असती, माझ्या शब्दावर, माझ्या खऱ्याखुऱ्या शब्दावर, त्यात चोर कुठंच नव्हता. मी त्या बाकाची कड घट्ट धरली. थंड होती.

"मग काय करूया?" मी विचारलं. "तू सांग."

मग तिनं सांगितलं, बाळंतिणींच्या वॉर्डाची जास्तीची पांघरुणं कालच्या धुण्यातली आहेत, ती चालतील, तिथल्या सिस्टरना विचारून घेते, त्या हो म्हणाल्या तर गाडी लगेच काढते. मी म्हटलं, काढ. आणि ती ठेवायच्या आत म्हटलं, बरं केलंस. हे दोन शब्द मला काढता येतात हे मलाही माहीत नव्हतं, घशाला कसेतरीच लागले, नवं कापड पहिल्यांदा पाण्यात घातल्यावर खरखरीत लागतं तसे. चिमणी म्हणाली, हो बाई. पण ते हो बाई वेगळं होतं, किंवा मला वेगळं ऐकू आलं.

आत जायची पाळी अजून आली नव्हती. दारातून कोणी आलं आणि चालण्यावरून मी ओळखलं, धाकटी. थेंबांनंतर एकटीनं घरी जाता येत नाही म्हणून थोरल्यानं हिला पाठवलेली, मुद्दामच, त्याला वाटतं मला त्याचे डाव कळत नाहीत. ती शेजारी बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पिशवीतून तो रिपोर्ट काढल्याची कागदाची सळसळ आली. मग मीच हात पुढे केला आणि म्हटलं, पेन दे, कुठं करायची ती जागा दाखव, मला काही दिसत नाहीये. बाकी कोणासमोर मी हे वाक्य मेले तरी बोलले नसते. वाचता मला येतं, ओळीखाली बोट ठेवून, पण येतं, आणि न वाचता मी कधी नखाएवढी सही केलेली नाही.

तिनं पेन दिलं नाही. "डोळ्यांत थेंब असताना तुझी सही घेऊ? हेच शिकवते का मी लोकांना?" म्हणाली. "उद्या सकाळी स्वतः वाच, मग कर."

मी म्हटलं, उद्या ती माणसं यायची आहेत. ती म्हणाली, येऊ देत, बसतील, चहा पितील. मला हसू आलं. एवढे दिवस माझ्या सहीसाठी अडून बसलेली ही, आणि हात पुढे केला तर घेत नाही. कोणावर गेली आहे ते विचारायची गरज नव्हती. शेजारच्या बाई हातातलं मासिक तोंडापुढे धरून कान देऊन ऐकत होत्या, एव्हाना थेंब त्यांच्याही डोळ्यांत पडले होते, मासिक उलटं असतं तरी कळलं नसतं. मी म्हटलं, उद्याची गोष्ट उद्या, आता वेळ आहे, तर वाचून दाखव, सगळा, पानं न गाळता. ती मधल्या जागेवर सरकली. तिच्या दंडाचा उबारा मला लागला. वाचायला लागली, सावकाश, आणि माझाच आवाज माझ्या शेजारी बसून कोणावर न खेकसता बोलत होता. तो तसाही निघतो हे मी पहिल्यांदा ऐकत होते. पहिलं कलम मशीनच्या कॉम्प्युटरचं होतं, ते ठीक होतं. दुसऱ्याला मी तिला थांबवलं. त्यात लिहिलं होतं, की दर महिन्याला कोणालाही न सांगता असा एक खोटा फोन करून माणसांची परीक्षा घ्यायची.

"हे मला पटत नाही," मी म्हटलं.

मला वाटलं आता ती तिच्या धंद्यातलं काहीतरी माझ्या डोक्यावरून घालवेल. पण तिनं कागद मांडीवर ठेवला, माझ्याकडे वळली असावी, कारण आवाज जवळून आला.

"का नाही पटत? सांग ना."

हा 'का' ती माझ्याशी बोलली त्याला किती वर्षं झाली असतील, मला मोजायची नव्हती. डॉक्टरच्या माणसानं दारात येऊन माझा नंबर पुकारला. मी त्याला हातानं थांब म्हटलं आणि तिला चिमणीचं ते चुकलं बाई सांगायला लागले, आणि घाबरलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा फसवून बघितलं की तो शहाणा होत नाही, आणखी घाबरतो, हे मी कशावरून म्हणते ते, अगदी सुरुवातीपासून.